'ॲडजस्ट'ला मराठी शब्द कोणता?

नववीच्या वर्गात मराठीच्या तासाला मी दरवर्षी एक उपक्रम घेते. आपण रोजच्या बोलण्यात वापरतो तो एखादा इंग्रजी शब्द मुलांनीच निवडायचा. प्रत्येकाने तो वापरून वहीत एक वाक्य लिहायचं आणि त्या वाक्यात त्याच्या जागी चपखल बसेल असा मराठी शब्द पुढे लिहायचा. माझी शाळा उर्दू माध्यमाची आहे. मुलांची घरची बोली दखनी वळणाची, वर्गातली भाषा उर्दू, बाजारातली मराठी आणि मोबाईलमधली हिंदी-इंग्रजीची खिचडी. चार भाषांत वावरणाऱ्या या मुलांना शब्दांची अशी अदलाबदल करायला मजा येते. 'टेन्शन', 'टाइमपास', 'सेटिंग' हे शब्द मागच्या वर्षांत होऊन गेले. यंदा मुलांनी निवडलेला शब्द होता 'ॲडजस्ट'.

वह्या घरी आणल्या आणि रात्री जेवणं उरकल्यावर तपासायला बसले. वाचता वाचता मलाच नवल वाटायला लागलं. एकाने लिहिलं होतं, 'बसमध्ये एक बाई म्हणाली, जरा ॲडजस्ट करा.' मराठी शब्द: सरकणे. दुसऱ्याने लिहिलं, 'अब्बू रिक्षाचा आरसा ॲडजस्ट करतात.' मराठी शब्द: नीट बसवणे. 'दुकानदाराकडे सुटे पैसे नव्हते, त्याने चॉकलेट दिले आणि ॲडजस्ट कर म्हणाला.' चालवून घेणे. 'मागच्या महिन्याचे जास्तीचे पैसे या महिन्याच्या बिलात ॲडजस्ट केले.' वळते करणे. (हा शब्द लिहिणाऱ्या मुलाचे वडील किराणा दुकानात हिशेब लिहितात. शब्द घरातून येतात ते असे.) 'गॅस संपला, अम्मीने दोन दिवस शेगडीवर ॲडजस्ट केले.' भागवणे. 'नवीन शाळेत ॲडजस्ट व्हायला मला महिना लागला.' रुळणे. 'पाहुणे जास्त आले तरी जेवण ॲडजस्ट झाले.' पुरणे. एका बेरकी पोराने लिहिलं होतं, 'मामूंनी ओळखीने दवाखान्यात आमचा नंबर ॲडजस्ट केला.' मराठी शब्द: मध्ये घुसवणे!

म्हणजे एका इंग्रजी शब्दाच्या पोटात सरकणे, बसवणे, चालवून घेणे, वळते करणे, भागवणे, रुळणे, पुरणे आणि घुसवणे असे आठ निरनिराळे मराठी शब्द निघाले. इंग्रजी शब्द आल्यावर आपली भाषा श्रीमंत झाली असं काहींना वाटतं. इथे तर उलट दिसत होतं. आठ नाणी गल्ल्यात पडून होती आणि आपण एकच नोट सगळीकडे चालवत होतो.

मग एका मुलीची वही हातात आली. वर्गातली हुशार, अक्षर मोत्यासारखं. तिचं वाक्य होतं, 'अम्मी म्हणते, तू मोठी आहेस, तूच ॲडजस्ट कर.' आणि पुढे मराठी शब्द: गप्प बसणे.

लाल पेन हातात तसंच राहिलं. भाषेची शिक्षिका म्हणून मला ही वही तपासायची होती. बरोबरची खूण करावी की चुकीची, हे मला ठरवता येईना.

दुसऱ्या दिवशी मी एक केलं. सकाळपासून रात्रीपर्यंत हा शब्द किती वेळा कानावर येतो ते मोजलं. सतरा वेळा. त्यातला तीन वेळा माझ्याच तोंडून. मिरज-सांगली बसमध्ये दोनदा, शिक्षकखोलीत चारदा, बाकीचे घरात आणि फोनवर. मोजताना आणखी एक गोष्ट लक्षात आली. हा शब्द 'करतो', 'करते' असा फार कमी ऐकू येतो. बहुतेक वेळा तो 'कर' नाहीतर 'करा' असाच येतो. म्हणजे हा शब्द आपण स्वतःसाठी कमी आणि समोरच्यासाठी जास्त वापरतो.

सवयीप्रमाणे मी मग शब्दाचं मूळ शोधलं. इंग्रजीतला 'ॲडजस्ट' जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याच्या मुळाशी लॅटिनमधला 'जुक्स्टा' आहे. त्याचा अर्थ शेजारी, जवळ. म्हणजे मूळ क्रिया आहे जवळ आणण्याची, एकमेकांशेजारी ठेवण्याची. पुढे लोकांनी ऐकण्यातल्या साम्यामुळे त्याचा संबंध 'जस्ट'शी, म्हणजे रास्त, न्याय्य या अर्थाच्या शब्दाशी जोडला. व्युत्पत्तीच्या दृष्टीने तो गैरसमज. पण किती सुंदर गैरसमज! जवळ या, पण न्यायाने या.

आपल्या सरकारी मराठीत ॲडजस्टमेंटला 'समायोजन' म्हणतात. त्यात 'सम्' हा उपसर्ग आहे. संवाद, संगम, संमेलन यांत आहे तोच. सम् म्हणजे एकत्र, सोबत. एकट्याने बोललं तर त्याला संवाद म्हणत नाहीत. मग एकट्यानेच केलेल्या गोष्टीला समायोजन कसं म्हणायचं?

आणि माझ्या उर्दूकडे वळले तर तिथेही तेच. उर्दूत याला 'मुवाफ़क़त' आहे, 'मुफ़ाहमत' आहे. हे शब्द अरबीतल्या ज्या साच्यात घडले, त्याच साच्यात 'मुशायरा', 'मुक़ाबला' आणि 'मुसाफ़हा' हे शब्दही घडले आहेत. उर्दूच्या तासाला मी मुलांना नेहमी सांगते, या साच्यातल्या बऱ्याच शब्दांत किमान दोन माणसं उभी असतात. मुक़ाबल्याला समोर कुणी लागतं. मुसाफ़हा, म्हणजे हस्तांदोलन, एकट्याचं होत नाही.

इंग्रजी, मराठी, उर्दू या तिन्ही भाषांनी या गोष्टीसाठी शब्द घडवताना दोन माणसं गृहीत धरली आहेत. त्या मुलीच्या वाक्यात मात्र एकच माणूस उरलं होतं. दुसरं माणूस कुठे गेलं?

बी.एड. करताना शैक्षणिक मानसशास्त्रात 'समायोजन' नावाचं एक प्रकरण होतं. व्यक्तीच्या गरजा आणि परिस्थितीच्या मागण्या यांत मेळ घालणं, अशी त्याची व्याख्या आम्ही पाठ केली होती. त्याचे दोन मार्गही लिहिले होते: माणसाने स्वतःला बदलायचं किंवा भोवतालची परिस्थिती बदलायची. आम्ही दोन्ही मार्ग लिहून गुण मिळवले. त्याच प्रकरणात पुढे संरक्षण यंत्रणा होत्या, म्हणजे मन दुखू नये म्हणून माणूस स्वतःच्या नकळत ज्या पळवाटा काढतो त्या. दमन, म्हणजे नको असलेली भावना आत दाबून टाकणं. आणि आंबट द्राक्षांच्या कोल्ह्यासारखं समर्थन शोधणं. वीस वर्षं शिकवल्यावर आज मला वाटतं, आपल्या घरांत ज्याला आपण ॲडजस्टमेंट म्हणून शाबासकी देतो, ते बऱ्याचदा त्या प्रकरणाच्या पुढच्या भागातलं दमन असतं. व्याख्या एका पानावरची आणि जगणं दुसऱ्या पानावरचं.

शिक्षकांना तर हा शब्द वेगळा समजावून सांगावा लागत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीला ३० मुलांमागे एक आणि सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक शिक्षक असं प्रमाण ठरवलं. पटावरच्या मुलांच्या आकड्यावरून संचमान्यता होते, आकडा घसरला की शिक्षक 'अतिरिक्त' ठरतो आणि अतिरिक्त ठरलेल्याचं दुसऱ्या शाळेत 'समायोजन' होतं. काही वर्षांपूर्वी मीही यातून गेले. पट थोडा कमी पडला आणि मी अतिरिक्त झाले. घरात लहान मूल, नवी शाळा ३८ किलोमीटरवर, एसटीच्या दोन गाड्या बदलून. कागदावर 'समायोजन पूर्ण' असा शेरा पडला. कुणाचं पूर्ण झालं, हे त्या कागदावर नव्हतं. मुलं कमी तर शिक्षक कमी, हा नियम मला कळतो. मला सलते ती एवढीच गोष्ट की माणूस हलवण्याच्या क्रियेला भाषेने मेळ घालण्याचं नाव दिलं.

माझा मुलगा बारावीला कॉमर्स घेऊन शिकतो. त्या आठवड्यात तो अंतिम लेख्यांची उदाहरणं सोडवत होता. मी सहज विचारलं, तुमच्यातही ॲडजस्टमेंट असते ना रे? तो म्हणाला, "अम्मी, तेरीजपत्रकाखाली ज्या ॲडजस्टमेंट देतात ना, त्या प्रत्येकीचे दोन परिणाम दाखवावे लागतात. एकच दाखवला तर ताळेबंद जुळत नाही." त्याने उदाहरणही दिलं. समजा कामगारांची मजुरी द्यायची राहिली आहे. ती एकदा मजुरीच्या खर्चात मिळवायची आणि पुन्हा ताळेबंदात धंद्यावरचं देणं म्हणून दाखवायची. काम करून घेतलं आणि पैसे दिले नाहीत, तर ते कुठेतरी कर्ज म्हणून लिहून ठेवलंच पाहिजे.

द्यायची राहिलेली मजुरी. हे शब्द ऐकले आणि मला माझी आपा आठवली.

आम्ही चार भावंडं. अब्बूंची नोकरी छोटी, पगार त्याहून छोटा. आपा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी आणि माझ्यापेक्षा हुशार. तिला नर्सिंगला जायचं होतं. बारावीनंतर घरात बोलणं झालं, फार वेळ नाही, एका संध्याकाळचं. एवढ्यांची शिक्षणं एकदम होणार नाहीत, तू मोठी आहेस. तिने मान डोलावली. घरी बसून शिलाई केली, फॉल-बिडिंग केलं, पुढे तिचं लग्न झालं. मी बी.ए. झाले, बी.एड. झाले. माझ्या बी.एड.च्या पहिल्या हप्त्यात तिच्या शिलाई मशिनचे पैसे होते. आमच्या नातेवाइकांत आजही तिचं कौतुक होतं, 'बडी समझदार है, हमेशा ॲडजस्ट करती आई.' मीही हे कौतुक करत आले आहे. मुलाच्या त्या वहीने मला विचारलं, हे तुझ्या ताळेबंदात देणं म्हणून कुठे दाखवलंस? मी तिला ईदला जोडा देते. त्याला मी आजवर प्रेम समजत होते. प्रेम तर ते आहेच, पण त्यात बाकीचा हिशेबही आहे आणि तो मी कधी मोठ्याने वाचला नाही.

हा प्रश्न फक्त घरातल्या मुलींचा नाही. कमी बळाच्या माणसाकडे हा शब्द आपोआप वाहत जातो, उताराकडे पाणी जावं तसा. बदली झाली तेव्हा मी भाड्याने घर शोधत होते. एका ठिकाणी घर पसंत पडलं, भाडं ठरलं, नाव सांगितलं आणि मालकांचा सूर बदलला. माणूस सभ्य होता, ओरडला नाही. म्हणाला, "मॅडम, माझं काही नाही हो, पण बाकीच्यांचं बघावं लागतं. तुम्ही शिकलेल्या आहात, समजून घ्या." मी समजून घेतलं. मराठी मुस्लिम वाचकांना ही गोष्ट सांगावी लागत नाही. इतरांना विनंती एवढीच की 'समजून घ्या' हे वाक्य आपण कुणाला म्हणतो, हे एकदा आठवून बघा. आणि याच शहरात एका काकूंनी मला त्यांच्या घराची वरची खोली दिली, तेही सांगितलं पाहिजे. त्या म्हणाल्या, "माझ्या घरात मांसमच्छी शिजत नाही, तेवढं सांभाळ. आणि तुझ्या रोज्याच्या दिवसांत पहाटे पाण्याची मोटर मी लावून देत जाईन." त्यांनी एक मागितलं, एक दिलं. दोन वर्षं मी त्या खोलीत राहिले. 'ॲडजस्ट' हा शब्द आमच्यात एकदाही निघाला नाही.

आता दुसऱ्यांकडे बोट दाखवताना आपल्या अंगणातही बघू. आमच्या कित्येक जलशांत बायकांसाठी पडद्यामागची जागा असते. पंखा बंद, स्पीकरचा आवाज अर्धा, लहान मुलांची रडारड. तक्रार केली की उत्तर ठरलेलं, 'थोडा ॲडजस्ट कर लो, सवाब मिलेगा.' सवाब मिळेलच, इन्शाअल्लाह. पण पुढच्या रांगेतल्या पंख्याखालच्या भावांना तो सवाब नको आहे का? कुरआनात सूरह मुजादलाच्या अकराव्या आयतीत मजलिसमध्ये इतरांना जागा करून देण्याचा हुकूम आहे आणि जो जागा करून देईल त्याला अल्लाह प्रशस्त जागा देईल असा दिलासाही आहे. हा हुकूम सगळ्या ईमानवाल्यांना आहे. अमक्यानेच सरकावं आणि तमक्याने पसरून बसावं, असं त्यात नाही.

इथे कुणी म्हणेल, बाई, मग काय कुणी कुणासाठी सरकायचंच नाही? तसं मुळीच नाही. सरकल्याशिवाय एसटी चालत नाही, संसार चालत नाही, देशही चालत नाही. मुंबईच्या लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथी सीट मिळते, ती तिघांनी थोडं थोडं अंग चोरल्यामुळे. मला तो बाक फार आवडतो. कारण तिथे तिघंही सरकतात, आणि चौथाही अर्धवट टेकून बसतो, पूर्ण जागा मागत नाही. त्रास चौघांत वाटला जातो. आणि स्टेशन आलं की कुणीतरी उतरतं, बाक मोकळा होतो. ॲडजस्टमेंट अशी असावी, वाटून घेतलेली आणि संपणारी. आमच्या घरांतल्या बाकावर मात्र एकच माणूस सरकत राहतं, सरकत सरकत कडेला येतं आणि शेवटी उभंच राहतं. त्याचं स्टेशन येतच नाही.

म्हणून मी स्वतःपुरता एक नियम केला आहे. हा शब्द तोंडात आला की तीन प्रश्न विचारायचे. कशासाठी? किती दिवस? आणि त्या बदल्यात मी काय सरकवणार आहे? तीनही उत्तरं देता आली तर खुशाल म्हणायचं, ॲडजस्ट कर. नाही आली, तर मराठीतला खरा शब्द वापरायचा: सोसून घे, सोडून दे, गप्प बस. मोठ्याने असं म्हणायला आपली जीभ अडखळेल. अडखळावीच. इंग्रजी शब्दाने हे अडखळणं घालवलं आहे, हीच माझी त्याच्याविषयीची तक्रार.

त्या मुलीच्या घरी मी गेले. छोटं घर, समोर टेबलावर धाकट्या भावाची इंग्रजी माध्यमाची पुस्तकं नीट रचलेली. तिची पुस्तकं पिशवीत, पिशवी दारामागे खिळ्याला. तिच्या अम्मीने चहा केला. मी विचारल्यावर सांगितलं, दहावीनंतर बंद करायचं म्हणतात. "दोघांची फी जमत नाही टीचर. ही समजूतदार आहे, ॲडजस्ट करते." मी बरंच काही बोलायचं ठरवून गेले होते. त्यातलं अर्धं बोलले असेन तेवढ्यात ती बाई चहाच्या कपाकडे बघत म्हणाली, "मी नाही का केलं, टीचर?"

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तीसुद्धा कुणाची तरी आपाच होती. तिच्याही खात्यात द्यायची राहिलेली मजुरी होती, आणि ती वसूल व्हायची एकच जागा तिला माहीत होती, पुढची पिढी. मी तिला दोष देऊ शकले नाही. एवढंच म्हणाले, "तुम्ही केलंत. तुमच्यासाठी कुणी केलं का?" ती काही बोलली नाही. निघताना दारापर्यंत आली आणि म्हणाली, "अकरावीचं बघू. तिच्या अब्बूंशी बोलते." बघू म्हणजे हो नव्हे, हे मला वीस वर्षांच्या अनुभवाने माहीत आहे. पण तो शब्द तिने वापरला नाही, हेही मी ऐकलं.

परवा आपाला फोन केला आणि तिच्या धाकट्या मुलीच्या कॉलेजची फी पुढची तीन वर्षं मी भरणार असं सांगितलं. ती म्हणाली, "अगं, तुझाच खर्च किती आहे! आम्ही ॲडजस्ट करू." मी म्हटलं, "आपा, आता माझी पाळी." पलीकडे बराच वेळ शांतता होती.

ती वही अजून माझ्या कपाटात आहे. बाकीच्या सगळ्या तपासून परत दिल्या. 'ॲडजस्ट'चा मराठी अर्थ 'गप्प बसणे' हे भाषेच्या दृष्टीने चूक आहे, आणि चुकीची खूण करणं माझं काम आहे. पण ती खूण मला त्या मुलीच्या वहीवर करायची नाही. तिचं उत्तर ज्यांनी खरं करून ठेवलं, त्यांच्या वहीवर करायची आहे. त्यात पहिली वही माझी.